थोरलीच्या जागी मी

मी एक जुनी पुली आहे. पुली म्हणजे इंजिनाचा पट्टा फिरवणारं चाक. मित्रांनो, मी तुम्हाला रस्त्यात पडलेली दिसले असते, तर बरणीचं झाकण समजून तुम्ही मला पायाने उडवून दिलं असतं, आणि त्यात तुमची काही चूक नसती. वीतभरसुद्धा रुंद नाही मी. कडेला पट्टा बसायला कोरलेल्या खाचा, मधोमध एक भोक, बस. पण एवढ्याशा अंगाने मी जे पाहिलं, ते आठवलं की आजही माझी मती गुंग होते. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

पुली होण्याआधी मी अॅल्युमिनियमचा एक गोल ठोकळा होते. लेथवाल्या काकांच्या दुकानात, बाकाखाली, दात पडलेल्या गिअरांच्या संगतीत मी पडून होते. एक दिवस दुकानात एक तरुण आला. त्याचा पाय कधी घरात ठरत नसे, म्हणून त्याचं नावच भिंगरी पडलं होतं.

"काका, एक लहान पुली काढून द्या. लहान आणि हलकी. चढाच्या शर्यतीला लावायची आहे."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि गाडी? ती तर तुझ्या ताईच्या धंद्याची. त्याच पिकअपमधून ती मासे नेते ना रे?"

"फक्त रविवारी लावायची. सोमवारी पुन्हा जुनी."

"तुझ्या लक्षात राहील?"

"नाही राहणार," भिंगरी प्रामाणिकपणे म्हणाला. "म्हणून तुम्हीच बदला दर वेळी. माझ्यावर सोडूच नका."

काका हसले, बाकाखाली वाकले आणि त्यांनी मला उचललं.

लेथवर फिरणं म्हणजे काय, ते मला नीट सांगता येणार नाही. दुकान, खिडकी, काका, सगळं एकदम पुसलं गेलं आणि नुसता वारा राहिला. हत्याराचं टोक अंगाला लागलं आणि माझ्यातलं नको तेवढं सगळं कुरळ्या, चकचकीत किसासारखं उडायला लागलं. आता माझं काही उरत नाही, असं वाटलं. लेथ थांबला तेव्हा काकांच्या तळहातावर मी होते, आणि काका मला उजेडाकडे धरून बघत होते. आपल्या आत हे रूप दडलेलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

मग मला इंजिनावर बसवलं. मित्रांनो, इंजिन बाहेरून ऐकणं वेगळं आणि त्याच्या टोकाला बसून फिरणं वेगळं. इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट नावाचा जाडजूड दांडा असतो. सिलिंडरमध्ये भडका उडतो, त्या जोराने हा दांडा फिरतो आणि त्याच्याच जिवावर गाडीची चाकं फिरतात. दांड्याचं एक टोक बाहेर आलेलं असतं, त्यावर पुली बसते, आणि पुलीवरून एक लांब पट्टा जातो. तो पट्टा किती जणांना कामाला लावतो पाहा. इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणारा पंप, वीज तयार करून बॅटरी भरणारा अल्टरनेटर, स्टिअरिंग हलकं करणारा पंप. कमावणारा एक आणि खाणारी तोंडं तीन, असं ते घर होतं.

माझ्या आधी तिथे जी पुली होती, ती गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेली. चांगली रुंद, काळी, लोखंडाची. आम्ही दोघी एकाच घरातल्या, म्हणून काका तिला थोरली जाऊ म्हणायचे आणि मला धाकटी. आता आमच्या दोघींतला फरक ऐका. माझा घेर लहान, त्यामुळे मी एक फेरा मारला की पट्टा थोरलीच्या फेऱ्याएवढा सरकत नाही. पट्टा हळू चालला की पंप, अल्टरनेटर, सगळेच हळू फिरतात. त्यांना फिरवण्यात इंजिनाचा जो जोर जातो, तो थोडा वाचतो आणि चाकांकडे जातो. त्यात मी वजनालाही हलकी, त्यामुळे इंजिन पटकन वेग घेतं. हा झाला माझा गुण. काकांनी पट्टाही माझ्या मापाचा, आखूड आणला होता.

"आता दुसरी बाजूपण ऐक," पहिल्या दिवशी मला घट्ट करता करता काका भिंगरीला म्हणाले. "थोरली नुसती जाडी नाही. तिच्या अंगात रबराचा थर आहे. भडका उडला की दांड्याला पीळ बसतो आणि सुटतो, त्याची थरथर ती पोटात घालते. ही पोरगी नाही घालू शकत. चार चढ चढायला ठीक आहे. रोज वापरलीस तर एक दिवस दांड्याला चीर जाईल. आणि गाडी उभी असताना हिच्या जिवावर बॅटरी भरेल, अशी आशा करू नकोस."

मी ते ऐकलं आणि खरं सांगू, मला पटलं नाही. एवढं लोखंड अंगावर बाळगून ही करते तरी काय, असं मला वाटायचं.

दर रविवारी गावाबाहेरच्या लांब चढावर शर्यत लागायची. तिथे शर्यतीच्या गाड्या नसत. सगळ्या पोटापाण्याच्या गाड्या, आठवडाभर राबणाऱ्या. बेकरीची व्हॅन, धोब्याची व्हॅन, दुधाची गाडी आणि आमची पिकअप, पाण्याची टाकी उतरवून ठेवलेली. त्या चढावर मी काय अनुभवलं ते कसं सांगू? इंजिन एका दमात वर वर जायचं, पट्टा गाऊ लागायचा आणि मला वाटायचं, अख्खा डोंगर आपल्याभोवती फिरतो आहे. माझ्या पहिल्याच शर्यतीत आमची गाडी बेकरीवाल्याच्या पुढे गेली. तो खाली उतरून बॉनेटमध्ये डोकावला आणि मला बोट लावून म्हणाला, "ही बारकी होय तुझी जादू?" तेव्हापासून सगळे मला चढाची राणी म्हणायला लागले. माझी मान ताठ झाली. मान नाही मला, पण तुम्हाला कळलं असेल.

आता ताईबद्दल सांगते, कारण ही खरी तिचीच गोष्ट आहे.

ताई म्हणजे भिंगरीची मोठी बहीण. घरामागच्या टाक्यांमध्ये ती माशांची पिल्लं वाढवायची. ती बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. बोटुकली झाली की पिकअपवरच्या टाकीत घालून ती दूरच्या एका मोठ्या तळ्यात नेऊन सोडायची. तिथली मासेमार मंडळी ती मोठी करायची. टाकीतल्या पाण्यात हवा सोडायला एक पंप होता, तो गाडीच्या विजेवर चालायचा. मागच्या खेपेला तिची पिल्लं रोगाने मलूल होऊन तळ्यावर पोचली होती. तळ्याचे म्होरके आजोबा तेव्हा म्हणाले होते, "आणखी एकदा बघू. तेव्हाही असंच झालं तर आम्हाला दुसरीकडून घ्यावी लागतील." तसं झालं असतं तर ताईला टाक्या मोडून पुन्हा डबे भरण्याच्या कारखान्यात जावं लागलं असतं. ती तिथून कशी सुटली होती, ते तिलाच माहीत. या वेळची पिल्लं तिने रोज हाताने दाणा घालून वाढवली होती.

घरात एक पद्धत होती. मी इंजिनावर असले की थोरली टाक्यांजवळच्या एका मोठ्या खिळ्याला लटकलेली असायची. रविवारी संध्याकाळी काका येऊन तिला बसवायचे आणि मला फडक्यात गुंडाळून खणात ठेवायचे. त्यामुळे निघण्याआधी ताई बॉनेट उघडत नसे, नुसती खिळ्याकडे नजर टाकायची. खिळा रिकामा म्हणजे थोरली आपल्या जागी गेली. इतका सोपा हिशोब होता, आणि तो कधी चुकला नव्हता.

त्या रविवारी आम्ही पुन्हा जिंकलो. मित्रांनी भिंगरीला उचलून नेलं. काका संध्याकाळी आले, त्यांनी थोरलीला खिळ्यावरून काढलं, तेव्हा तिचं रबर एका जागी त्यांना फुगल्यासारखं वाटलं. नीट बघावं म्हणून ते तिला दुकानात घेऊन गेले. सकाळी येऊन बसवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ताई तेव्हा आत पिल्लांना दाणा घालत होती, तिला सांगायचं राहिलं. त्यानंतर तळ्यावरून निरोप आला की रस्त्याचं काम निघालंय, उद्यानंतर बरेच दिवस रस्ता बंद राहणार, आणायची असतील तर उद्याच आण. पिल्लांना आता टाक्या पुरत नव्हत्या, थांबणं शक्यच नव्हतं. हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं.

उजाडताच ताईने पिल्लं गाडीत भरली आणि खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. भिंगरी जांभया देत शेजारी येऊन बसला. काकांनी पुली बदलली असणार, हे तो धरूनच चालला होता. आणि बॉनेटखाली मी.

"आज स्टिअरिंग जड लागतंय," ताई वळणावर म्हणाली.

"टाकी भरलीये ना," भिंगरी म्हणाला आणि झोपला.

मोकळ्या रस्त्यावर काही वाटलं नाही. वेग असला की माझ्यासारखीच्या जिवावरही सगळं चालतं. पण पुढे रस्त्याचं काम सुरू होतं. एकच बाजू उघडी, लाल झेंडा घेऊन उभा असलेला माणूस, आणि त्याच्यापुढे गाड्यांची रांग. उद्या रस्ता बंद, म्हणून सगळं जग आजच निघालं होतं. आम्ही थांबलो. थोडं सरकलो, पुन्हा थांबलो. ऊन चढलं. इंजिन नुसतं पुटपुटत होतं, मी आळसात फिरत होते, आणि अल्टरनेटर इतका सावकाश चालला होता की त्याच्यातून वीज जेमतेम झिरपत होती. बॅटरी जुनी, ती बिचारी आपल्याजवळचं होतं नव्हतं ते देत राहिली.

ताई मध्ये मध्ये उतरून टाकीचं झाकण उघडून बघत होती. एकदा ती बघतच राहिली.

"उठ रे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "बुडबुडे गेलेत. पिल्लं वर येऊन तोंडं उघडतायत."

भिंगरीने बॉनेट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला इतक्या वेळा पाहिलं होतं, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"ताई, ही धाकटी आहे."

"खिळा रिकामा होता."

"मला वाटलं, काकांनी बदलली."

भांडायला दोघांनाही वेळ नव्हता. भिंगरी आत बसला आणि गाडी उभी ठेवूनच त्याने रेस वाढवून धरली. अल्टरनेटर जागा झाला, टाकीत बुडबुडे आले. पण मित्रांनो, तेव्हा मला ते कळलं, जे काकांच्या सांगण्याने कळलं नव्हतं. चढावर आम्ही एका वेगाला फार वेळ थांबत नव्हतो. इथे इंजिन एकाच वेगावर अडून राहिलं, आणि क्रँकशाफ्टच्या पार दुसऱ्या टोकाकडून एक थरथर निघून माझ्याकडे येऊ लागली. पीळ बसायचा, सुटायचा, पुन्हा बसायचा. एवढा जाड दांडा, त्याला मी अचल समजत होते, आणि तो तापाने फणफणलेल्या माणसासारखा थरथरत होता. ती थरथर माझ्यापर्यंत यायची, मी ती तशीच परत पाठवायचे. माझ्यात ती ठेवायला जागाच नव्हती. थोरली हे रोज, मुकाट्याने, कोणाला कळू न देता आपल्या अंगात जिरवत होती. मी तिला जाडी म्हणत होते.

इंजिनाचा काटाही तापाकडे सरकू लागला. रेस सोडली की हवा जाणार, धरली की इंजिन. भिंगरी कधी काट्याकडे बघत होता, कधी ताईकडे.

तेवढ्यात रांगेच्या कडेने एक स्कूटर आली. काका. दोन पायांमध्ये थोरली, गळ्यात तिचा लांब पट्टा. मागच्या गाडीतून कोणीतरी ओरडलं, "काका, सत्कार झाला वाटतं कुठे?" काकांचं लक्ष नव्हतं. स्कूटर थांबण्याआधीच त्यांनी पाय टेकले.

"सकाळी आलो तर गाडीच नाही," त्यांना धाप लागली होती. "हिचं रबर बघायला नेली होती. रबर चांगलं आहे. मी तुला सांगायला हवं होतं, पोरी."

"ते राहू दे. बदलायला वेळ लागेल?"

"इंजिन तापलंय. पण करतो मी."

"इंजिन बंद केलं की पंपही बंद ठेवावा लागेल," भिंगरी म्हणाला. "बॅटरीत उरलंय तेवढं गाडी चालू करायला लागणार. मध्ये हवा अजिबात नाही, ताई."

ताईने टाकीत पाहिलं. तिचा सगळा हंगाम तिथे तोंड उघडून वर आला होता.

"बंद कर," ती म्हणाली.

सगळं एकदम शांत झालं. ताईने पाण्याचा मग उचलला आणि टाकीतलं पाणी वर घेऊन उंचावरून परत टाकीत सोडायला सुरुवात केली. पाणी असं पडलं की त्यात थोडी हवा मिसळते. एका बाईच्या एका मगाने काय होणार? पण समोरच्या बसमधून एक आजीबाई उतरल्या. त्यांनी आपल्या डब्यातलं जेवण झाकणात काढलं आणि रिकामा डबा घेऊन ताईच्या शेजारी उभ्या राहिल्या. "कसं करायचं ते दाखव गं," त्या म्हणाल्या. मग आणखी कोणी आलं, कोणी बाटली कापून आणली, कोणी बादली. आणि रांगेत मागे अडकलेला बेकरीवाला पावाचा ट्रे बाजूला ठेवून, दोन भांडी घेऊन आला.

"काल तुझा धूर खाल्ला," तो भिंगरीला म्हणाला, "आज तुझ्या माशांना वारा घालतो. नशीब बघ."

दांडा जागचा हलू नये म्हणून भिंगरीने गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून धरला. काकांनी लांब दांड्याचा पाना लावला, हाताला फडकं गुंडाळलं, तरी त्यांचे हात भाजत होते. मी सुटले. गडबडीत त्यांनी मला मागे टाकीच्या कडेच्या फळीवर ठेवलं. आणि मित्रांनो, मी तेव्हा पहिल्यांदा ती पिल्लं पाहिली.

मी कायम बॉनेटखाली असायचे. माझ्या फिरण्यामागे, पट्ट्यामागे, विजेमागे शेवटी काय आहे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. टाकीत वरून धारा पडत होत्या, आणि त्या धारांखाली, जिथे पाणी फेसाळत होतं तिथे, बोटाएवढे जीव गर्दी करून आले होते. कोणाच्या अंगावर पिवळसर चमक, कोणाची शेपटी पार काचेसारखी, आरपार दिसणारी. प्रत्येकाचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. एवढ्याशा छातीत एवढं जगणं? अनोळखी हात वर जात होते, खाली येत होते, आणि धार पडेल तिकडे सगळी पिल्लं एकदम वळत होती. मी इतका वेळ इतक्या वेगाने फिरले होते, पण इतकं मोठं काही मी पाहिलं नव्हतं.

"झालं," काका म्हणाले. "बॅटरीच्या भरवशावर नको, ढकला आता."

रांगेतल्या लोकांनी गाडीला खांदे लावले. पिकअप एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि चालू झाली. आवाज लगेच खाली बसला, जाडसर, शांत. थोरली आपल्या जागी आली होती. थोड्या वेळाने पंप लावला आणि टाकीच्या तळातून बुडबुड्यांची एक माळ वर आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे टाकीत वाकून बघत होते. झेंडेवाला माणूससुद्धा येऊन बघून गेला, आणि त्याने सगळ्यांत आधी आमची गाडी सोडली.

तळ्यावर पोचेपर्यंत काही पिल्लं गेली होती. ताईने ती गाळणीने बाजूला काढली. म्होरक्या आजोबांनी टाकीत हात बुडवला आणि तसाच ठेवला. पिल्लं त्यांच्या बोटांमधून पळत होती.

"वाटेत काय झालं?" त्यांनी विचारलं. ताईने सगळं सांगितलं. खिळा, पुली, रांग, काहीच लपवलं नाही.

आजोबांनी ऐकून घेतलं. "मागच्या खेपेची पोहत नव्हती, तरंगत होती," ते म्हणाले. "ही हाताला लागू देत नाहीत. सोड पाण्यात. आणि रस्ता उघडला की पुढची घेऊन ये."

पिल्लं तळ्यात गेली. क्षणभर किनाऱ्याजवळ एक काळसर ढग दिसला, मग तो पसरला, मग नुसतं पाणी उरलं. ताई गुडघाभर पाण्यात उभी होती. ती तेव्हा रडली, सगळ्यांसमोर, आणि कोणी तिला गप्प केलं नाही.

पुढच्या रविवारी भिंगरी थोरलीलाच घेऊन शर्यतीला गेला आणि बेकरीवाल्याच्या मागे राहिला. त्याच्यापुढच्या रविवारीही तसंच झालं. मला वाटलं, आपले दिवस भरले. मग एका शनिवारी खण उघडला. माझं फडकं काढणारे हात ताईचे होते.

"लाव हिला," ती भिंगरीला म्हणाली. "उद्या रविवार आहे."

"नको ताई. माझं मनच होत नाही."

"तिचं काय चुकलं? तिला चढासाठी केली, आणि रांगेत आपण उभी केली." मग तिने एक लाल फडकं त्याच्या हातात दिलं. "ती इंजिनावर असेल तेव्हा हे स्टिअरिंगला बांधायचं. आता खिळ्यावर विश्वास नाही ठेवायचा."

त्यानंतर मी पुष्कळ चढ चढले. पण आता प्रत्येक चढावर मला माझी जागा माहीत होती. वर्षं गेली. भिंगरीचा पाय शेवटी घरात ठरला, पिकअप दुसऱ्या कोणाच्या दारात गेली आणि नव्या गाडीला माझं माप बसेना. आता मी काकांच्या दुकानात खिडकीत आहे. आम्हा अॅल्युमिनियमवाल्यांना गंज चढत नाही, नुसता पांढरा थर धरतो. तो पुसायला हल्ली कोणी येत नाही, आणि त्याचा मला रागही नाही. माझ्या वाट्याचं कौतुक मला मिळालं आहे.

थोरली मात्र त्या पिकअपबरोबर गेली. तिला कोणी कधी राणी म्हटलं नाही. ती जिथे असेल तिथे अजून फिरत असेल, कोणाच्या तरी रांगेत, कोणाच्या तरी उन्हात. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. गाडीतलं असो की घरातलं, एखादं जड, जुनं, मुकाट्याने फिरणारं काही तुम्हाला काढून टाकावंसं वाटलं, तर आधी ते काय सोसत होतं ते विचारा. आणि कधी एखाद्या जुन्या पिकअपचं बॉनेट उघडं दिसलं, गाडी बंद असली, तर जरा वाकून बघा. तिथे एक रुंद, काळी, ग्रीसने माखलेली पुली असेल. तिच्यावरची धूळ पुसा, आणि तिला सांगा, धाकटी तुझी आठवण काढत होती.